धाकूने कावळ्याला दिलेला शब्द

"आये, दादा तिकडे काय खायचा गं?"

हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

खाडीकाठच्या एका गावात हा भोळा धाकू राहायचा. चौथीत तीन वर्षं बसला, मग शाळेनेच त्याला नमस्कार केला. त्याचा थोरला भाऊ जयराम परदेशी बोटीवर नोकरीला होता. तो गेल्या वर्षी तिकडेच तापाने गेला. दहाव्याला भात ठेवला, वडे ठेवले, घावणे ठेवले. कावळ्याने ढुंकून बघितलं नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि ते जेवायला बसले.

"दादाच्या आवडीचं नव्हतं, म्हणून आला नाही," धाकू म्हणाला. "काय आवडायचं त्याला?"

"त्याला सगळं चालायचं," आये म्हणाली.

"मला सेंट आणायचा," शांताराममामा म्हणाला.

वर्ष होत आलं तेव्हा कंपनीचं पत्र आलं. जयरामची पेटी रॉटरडॅम बंदरात पडून आहे, घरच्या माणसाने येऊन सही करावी, तिकीट आमचं. फुकटचं तिकीट वाया कशाला घालवा, म्हणून धाकूला एकट्याला विमानात बसवलं. निघताना आयेने बजावलं, "वर्षश्राद्धाला तू तिकडेच असशील. दादाच्या आवडीचा घास ठेव. कावळा शिवल्याशिवाय हलू नकोस. आणि परमुलखात कुणाचं फुकट खाऊ नकोस."

"नाही खाणार."

पेटी मिळाली. आत दोन शर्ट, एक वस्तरा आणि घरच्यांच्या फर्माइशींची लांबलचक यादी. खाऊचा कागदसुद्धा नव्हता. मग धाकू बंदराजवळच्या सुपरमार्केटात शिरला. दादा इथूनच काहीतरी घेत असणार.

दारातच एका टेबलावर चीजचे तुकडे काड्या टोचून मांडले होते. धाकूने एक तुकडा खाल्ला आणि बशीत एक नाणं ठेवलं. दुसरा खाल्ला, दुसरं ठेवलं. सातव्या नाण्याला दुकानातली बाई धावत आली. तिचं नाव कमला. तिचे पणजोबा बिहारातून बोटीने दूर सुरिनामला उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेले, त्यामुळे तिला मोडकीतोडकी हिंदी यायची.

"भैया, टेबलावर ठेवलेलं चाखायला असतं. पैसे नकोत."

"बरं, ताई."

पलीकडे कॉफीच्या कोपऱ्यात एक म्हातारा बसला होता. त्याच्या टेबलावर सूप होतं. धाकूने चमचाभर चाखलं.

"मीठ कमी आहे," त्याने म्हाताऱ्याला सांगितलं.

म्हातारा असा ओरडला की कमला पुन्हा धावली. "अरे, आधी विकत घे! पैसे दिलेस की मग हवं ते खा. कोणी काही बोलणार नाही."

"बरं, ताई."

धाकूने खाऊच्या फळीवरचं एकेक सगळं उचललं. काउंटरवर पैसे दिले आणि तिथेच, काउंटरपुढे, मांडी घालून बसला. एक काळी गोळी तोंडात टाकली. ती खारट निघाली, डोळ्यांत पाणी आलं. "दादा हे खाणार नाही," तो म्हणाला. दोन पातळ बिस्किटांत पाक भरलेला एक चिकट प्रकार होता. तो फार आवडला, म्हणून चार खाल्ले. मग पावावर भुरभुरायचा चॉकलेटचा चुरा मूठभर फाकला.

"ताई, दादा हे खायचा का?"

"कोण दादा?"

"माझा."

मागे अकरा माणसं टोपल्या घेऊन उभी होती. कमलाने कपाळाला हात लावला. "मला काय ठाऊक? तुझ्या दादालाच जाऊन विचार!"

धाकू आनंदाने उठला. हे इतक्या दिवसांत कोणाला सुचलंच नव्हतं.

तिथीच्या दिवशी सकाळी तो धक्क्यावर गेला. सगळा खाऊ दगडावर ओळीने मांडला. शेजारी फोन उभा केला. फोनमध्ये आये होती आणि आयेच्या मागे अख्खं घर.

"दादा, काय खायचास रे?" धाकूने पाण्याकडे बघून विचारलं.

आधी समुद्रपक्षी आले. धाकूने त्यांना हाकललं. "तुमचं नाही, कावळ्याचं आहे." मग एक कावळा आला, पण खांबावरच बसून राहिला.

"त्याच्या मनात काहीतरी राहिलंय," आये म्हणाली. "शब्द दे त्याला. आणि दिलास की पाळायचा हो."

"दादा, आयेला मी सांभाळीन."

कावळा हलला नाही.

"दादा, मी चौथी पास होईन."

कावळ्याने पाठ फिरवली.

"घराला स्लॅब घालू म्हण!" मागून मामा ओरडला.

धाकूने तेही सांगितलं. कावळा पंख साफ करू लागला. मग धाकूला एकदम रडू फुटलं. पेटीतले ते दोनच शर्ट त्याच्या डोळ्यांपुढे आले. नाक पुसत तो म्हणाला, "दादा, आता तुला कोणीसुद्धा काही आणायला सांगणार नाही."

कावळा टुणकन खाली आला आणि त्याने पाकाच्या बिस्किटाला चोच लावली.

"शिवला गं बाई, शिवला!" आये रडायला लागली. "धाकू, आता पुढ्यात उरलंय ते सगळं पाण्यात सोड. आणि मागे वळून बघू नकोस."

तेवढ्यात मामाने फोन ओढून घेतला. "थांब, थांब! न फोडलेली पाकिटं घेऊन ये. आणि लिहून घे. सेंट दोन, बदामाचं चॉकलेट चार डबे, एक दाढीचं मशीन..."

कावळ्याने घास चोचीत धरून मान वर केली.

धाकू घाबरला. शब्द देऊन पुरती पाच मिनिटं झाली नव्हती. त्याने भराभर गोळ्या सोडल्या, बिस्किटं सोडली, चुरा सोडला. पुढ्यात आता फक्त मामा उरला होता. धाकूने फोन दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतला, डोळे मिटले आणि हळूच पाण्यात सोडला. पाण्याला टेकेपर्यंत मामा "एक छत्री, घडीची" म्हणत होता.

परतीचं तिकीट त्याच फोनमध्ये होतं. पण मागे वळून बघायचं नव्हतं, म्हणून धाकूने बघितलं नाही.