चंद्रावरची नोटीस

हेमलता गुरव यांच्या छोट्याशा कंपनीने सरकारच्या आधी चंद्रावर खोली बांधली. अवकाश खात्याचे रणदिवेसाहेब भडकले. तिथे राहणाऱ्या दोघींचा शिधा नेणारं यान त्यांनी अडवून ठेवलं आणि स्वतः नोटीस घेऊन कंपनीत आले.

"बाई, बेकायदा बांधकाम आहे हे! पाडून टाका."

हेमलताबाईंनी चहा पुढे केला. "पाडू की, साहेब. पण आधी नोटीस बांधकामाच्या दारावर चिकटवावी लागते ना?"

"अर्थात! नियमच आहे तसा. मी स्वतः चिकटवीन."

"मग चला ना! तुम्ही अडवलेलं यान आमच्याच अंगणात उभं आहे. उड्डाणाला तेवढी तुमची सही हवी."

साहेबांनी चहाचा कप बाजूला ठेवला. मग पेन काढून हळूच म्हणाले, "खिडकीजवळची जागा मिळेल का हो?"