राघूची संध्याकाळ

फार वर्षांमागे नदीकाठच्या एका गावात एक बुरूड आणि त्याची बायको राहत होते. सुपं, टोपल्या, रोवळ्या तर ते विणायचेच, पण बुरुडाचं नाव झालं होतं ते पिंजऱ्यांमुळे. त्याच्या हातचा पिंजरा घ्यायला लांबलांबच्या गावांहून माणसं यायची.

एकदा मोठं वादळ झालं आणि गावाबाहेरचं सावरीचं झाड उन्मळून पडलं. त्याच्या ढोलीतून पोपटाचं एक पिल्लू खाली पडलं होतं. त्याच्या अंगावर धड पिसंही नव्हती. बुरुडाच्या बायकोने ते पदरात घेऊन घरी आणलं, हरभऱ्याची डाळ भिजवून, चुरून भरवली आणि त्याला जगवलं. ती त्याला राघू म्हणू लागली.

राघू मोठा झाला तसा घरभर हुंदडू लागला. बांबूच्या कामट्यांवरून घसरगुंडी खेळायचा, बुरुडाच्या खांद्यावर बसून शीळ घालायचा. एके दिवशी मात्र त्याने लग्नघरी द्यायच्या रोवळीचा काठच कुरतडून ठेवला. बुरूड भयंकर चिडला.

"आता तुझी जागा पिंजऱ्यात!" असं म्हणून त्याने राघूला आत घातलं आणि दाराला कडी लावली.

त्या दिवसापासून राघू बाहेर आला नाही. हळूहळू त्याची शीळ थांबली. पेरूची फोड दिली तरी तो तिच्याकडे बघेना. एक दिवस बायकोने पाहिलं, तर तो आपल्याच छातीची पिसं चोचीने उपटत होता.

"अहो, याचं काहीतरी बिनसलंय," ती म्हणाली.

"पिंजरा लहान पडत असेल," बुरूड म्हणाला.

त्याने मोठा पिंजरा केला. मग त्यात झोका टांगला. तरी राघू गप्पच. तेव्हा त्याने हातातली सगळी कामं बाजूला ठेवून घुमटाचा पिंजरा विणला, वर नक्षी केली, खाली घुंगरं बांधली. अख्खा गाव बघायला लोटला. "वा! काय पिंजरा आहे!" म्हणून सगळ्यांनी तोंडात बोटं घातली.

लोक गेल्यावर बायको म्हणाली, "सगळे पिंजरा बघून गेले. राघूला कुणी बघितलं का? बघा तरी, छाती उघडी पडलीय त्याची."

बुरुडाने वाकून पाहिलं. आपल्या हातात जेवढी कला होती, तेवढी सगळी ओतून झाली होती. आता आणखी काय करायचं?

"सोडून देतो त्याला," तो जड आवाजात म्हणाला. "त्याच्या मनात रानात जायचं असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने राघूला नदीकाठी नेलं आणि एका दगडावर ठेवलं. पलीकडच्या झाडांवर रानपोपटांचा थवा कलकलत होता. राघूने मान वाकडी करून पाहिलं, पण त्यांची भाषा त्याला ठाऊक नव्हती. रानातलं कुठलं फळ खायचं, कुणाला भ्यायचं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. वर एक ससाणा घिरट्या घालू लागला, तरी तो आपला दगडावर बसून होता.

ससाण्याने एकदम झेप घेतली.

"राघू!" बुरूड ओरडला आणि हात पसरून धावला. ससाणा हुकून वर निघून गेला. राघू घाबरून फडफडत आला आणि बुरुडाच्या मुंडाशावर बसला.

बुरूड घराकडे निघाला. वाटेत राघूचं भय ओसरलं. तो मुंडाशाचा दोरा ओढू लागला, मग कानाची पाळी चोचीने हळूच धरून बघू लागला. घर जवळ आलं तेव्हा त्याने शीळ घातली, पूर्वीसारखी, लांबलचक.

बुरूड जागच्या जागी थांबला. "अगं, ऐकलंस का? शीळ घातली त्याने!"

बायको दारातच उभी होती. ती हसली आणि तिचे डोळे भरून आले. "त्याला रान नको होतं हो. त्याला आपण हवे होतो. आणि थोडं हुंदडायला मिळायला हवं होतं."

"पण कामाचं काय? पुन्हा टोपल्या कुरतडेल."

"कुरतडणारच. चोच कशासाठी दिलीय त्याला? त्याच्यासाठी वेगळं काही ठेवू या की."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी काम आवरलं, चूल विझवली, शेजारच्या मांजराला बाहेर घालवून दार-खिडक्या लावल्या, की पिंजऱ्याचं दार उघडायचं. मग घरात नुसता दंगा! उरलेल्या कामट्यांचा ढीग राघूच्या मालकीचा. त्या तो चिरायचा, फेकायचा, पुन्हा उचलून आणायचा. बुरूड मुठीएवढ्या इवल्या टोपल्या विणायचा, झाकणाखाली मिरची लपवायचा आणि राघू एकेक झाकण उघडत ती शोधून काढायचा. काथवटीत पाणी ठेवलं, की त्यात डुंबून तो दोघांनाही भिजवायचा.

"मला वाटायचं घरात मीच एक कारागीर," बुरूड हसून म्हणायचा. "हा बघ, उसवण्यात माझ्यापेक्षा तरबेज!"

दमला, की राघू आपणहून पिंजऱ्यात जाऊन झोपायचा. त्याच्या छातीवर कोवळी हिरवी पिसं फुटली. तो पुन्हा पेरू मागू लागला, तेही ओरडून.

एका संध्याकाळी शेजारच्या गावच्या पाटलीणबाई बैलगाडीतून आल्या. "आमचा पोपट दिवसभर किंचाळतो," त्या म्हणाल्या. "तुमचा तो घुमटाचा पिंजरा द्या. त्यात तरी गप्प बसेल."

"पिंजरा देतो, बाई. पण त्याला बाहेर कधी काढता?"

"बाहेर? कशाला? खायला-प्यायला सगळं आत मिळतं की त्याला!"

बुरूड काही बोलायच्या आतच राघू उडत आला, पाटलीणबाईंच्या खांद्यावर बसला आणि त्यांच्या अंबाड्यातलं शेवंतीचं फूल ओढू लागला. बाई आधी ताठ बसल्या. मग एक पाकळी त्यांच्या नाकावर पडली आणि त्यांना असं हसू फुटलं, की थांबेचना.

"असं माझ्याजवळ येईल का हो आमचा?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"येईल. आधी बिचकेल, चावेलसुद्धा. तुम्ही घाई करू नका. रोज थोडा वेळ खोलीचं दार लावून त्याला बाहेर सोडा आणि त्याच्याजवळ बसा."

पाटलीणबाई पिंजरा न घेताच गेल्या. गाडीत कामट्यांच्या तुकड्यांनी भरलेली एक टोपली मात्र होती.

पुढच्या बाजाराला त्यांचा निरोप आला: पोपटाचं किंचाळणं कमी झालंय. त्याने पाटलांचं पागोटं कुरतडलं. पाटील आधी खूप ओरडले आणि दुसऱ्या संध्याकाळी स्वतःच एक जुनं पागोटं घेऊन त्याच्यासमोर जाऊन बसले.

तात्पर्य: ज्या जिवाला आपण घरी आणतो, त्याला दाणापाणी आणि सुंदर घर देऊन भागत नाही, त्याला खेळायला मोकळीक आणि सोबतीला आपला वेळही द्यावा लागतो.