दवाखान्याची पाटी

“...मग पडद्यावर एवढी जाड दिसणारी रेघ मशीनला का दिसत नाही?”

लॅपटॉप उघडता उघडताच इंद्रजितने हे विचारलं. नमस्कार नाही, पाणी नाही. टेकडी चढून आल्यामुळे त्याला धाप लागली होती, तरी तोंड काही थांबत नव्हतं.

दत्तगिरी महाराज मठाच्या ओसरीवर सूप घेऊन ज्वारी निवडत बसले होते. संन्यास घेण्याआधी ते साताऱ्यात पाट्या रंगवायचे. घर सुटलं, अक्षराचं वेड काही सुटलं नाही. ब्रशच्या जागी कॉम्प्युटर आला एवढंच. अक्षरं शिकायला पोरं अजून त्यांच्याकडे येत. त्यात इंद्रजित सगळ्यात हुशार, आणि हे त्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नसे.

महाराजांनी सूप बाजूला ठेवलं. “काय झालं ते सांग.”

एकच काही झालं असतं तर सांगणं सोपं होतं. इथे तक्रारींचा पाढाच होता.

इंद्रजितची बायको संयोगिता जनावरांची डॉक्टर. फाट्यावर तिने स्वतःचा दवाखाना उघडला, पण त्याला पाटी नाही. एका बाजूला खताचं दुकान, दुसऱ्या बाजूला गॅरेज. मधल्या शटरमागे डॉक्टर बसलीय हे कुणाला कसं कळावं? लोक आजारी गाई टेम्पोत घालून तिच्या दारावरून तालुक्याला नेत होते. परवा एक म्हैस तशीच नेताना वाटेत गेली. संयोगिताला ते संध्याकाळी कळलं. ती काही बोलली नाही, पण जेवलीही नाही.

आज सकाळी मात्र बोलली. आज स्टीलची पाटी कापायला गेली तर ठीक, नाहीतर ती फ्लेक्स छापून लावणार होती. आणि यापुढे नवऱ्याला कुठलंही काम सांगणार नव्हती.

“फ्लेक्स,” इंद्रजित म्हणाला. “माझ्या घरच्या दवाखान्याला.”



आता त्या पाटीचं रामायण. इंद्रजितने अक्षरं बोरूने काढल्यासारखी जाड-बारीक काढली होती. रेघ एकच, पण कुठे किती जाड व्हायची ते पॉइंट धरून ओढायचं. पडद्यावर ती अशी दिसत की बघत राहावं. पण सॉफ्टवेअरने नुसता छळ मांडला होता. पाटीच्या मापाला अक्षर मोठं केलं तर अक्षर वाढलं आणि जाडी होती तेवढीच राहिली, पैलवानाला काडीचे पाय लावल्यासारखी. ते सेटिंग शोधून काढलं, तर कोपऱ्याकोपऱ्याला काटे फुटले. काटे घालवले, तर ‘ख’च्या वळणात फुगवटा आला. जीव नकोसा झाला, पण सगळं निस्तरलं. मग फाइल साताऱ्याला नदाफच्या कटिंग मशीनवर पाठवली, तर मशीनने स्टीलच्या पत्र्यावर केसाएवढी एक रेघ ओढली आणि थांबलं. पुन्हा पाठवली, पुन्हा तेच.

इंद्रजितचा निकाल तयार होता. मशीन भंगार, नदाफला काही कळत नाही, आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना देवनागरीचं सोयरसुतक नाही.

महाराजांनी लॅपटॉप आपल्याकडे वळवला. एक बटण दाबलं. त्यासरशी पडद्यावरची सगळी जाडी गेली, आणि अक्षरांच्या जागी नुसत्या बारीक रेघा उरल्या.

“मशीनला हे दिसतं,” ते म्हणाले. “जाडी तू वरून चढवलेली आहेस. मशीन फक्त मधली रेघ धरून चालतं.”

“ते माहीत आहे मला,” इंद्रजित वैतागून म्हणाला.

महाराजांनी मान वर केली.

“माहीत आहे?”

...

मग हळूहळू बाहेर आलं. गडी सगळं जाणून होता. रेघेचा आकार करून टाकायचा, की तिच्या दोन्ही कडा खऱ्या होतात आणि मशीन त्या कडा कापतं. एका कमांडचं काम. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही येतं. नदाफने फोनवर विचारलंही होतं, मी करून टाकू का म्हणून. तर यानेच त्याला दम दिला होता की फाइलला हात लावायचा नाही.

आता मात्र महाराजांचा आवाज चढला. “अरे, मग सकाळपासून कुणाशी भांडतोयस तू?”

एकदा आकार केला की जाडी गोठते, इंद्रजित म्हणाला. मग पॉइंट धरून ओढता येत नाही. आणि तो ‘ख’ अजून मनासारखा बसलेला नाही.

महाराज म्हणाले, मूळ फाइलची प्रत ठेव आणि दुसरीचा आकार कर. त्यात अवघड काय?

“प्रत ठेवीन. पण कापलेलं स्टील परत कसं जोडू?” इंद्रजितचा आवाज एकदम खाली आला. “एकदा पाटी वर लागली की लोक तो ‘ख’ रोज बघणार, महाराज. माझा म्हणून बघणार.”

म्हणून त्याने फाइल तशीच पाठवली होती. मशीन आपलं आपण समजून घेईल, अशी वेडी आशा. असल्या हुशारीला काय म्हणावं?

तेवढ्यात फोन वाजला. फ्लेक्सवाला होता. वहिनींनी शटरचं माप विचारायला सांगितलंय, म्हणाला. इंद्रजितने माप सांगितलं नाही आणि नकोही म्हटलं नाही. नंतर करतो म्हणून फोन ठेवला.

महाराज गुडघ्यावर हात देऊन उठले. अंगण ओलांडून फाटकाकडे चालू लागले. इंद्रजितला याचाच राग आला. इथे एकेक मिनिट महत्त्वाचं आणि यांना फेरफटका सुचतोय. तरी लॅपटॉप काखेत मारून तो पुटपुटत मागे गेला.

फाटकाबाहेर जाऊन महाराजांनी वर बोट केलं. कमानीवर कोरलेली लाकडी पाटी होती.

“वाच.”

“दत्त मठ,” इंद्रजितने वाचलं. “त्याचं काय?”

“नीट बघ.”

या पाटीखालून तो कित्येक वर्षं ये-जा करत होता. आज पहिल्यांदा त्याने मान वर करून ती बघितली... ‘ठ’ बिघडला होता. डावीकडे पोट सुटलेलं, उजवीकडे रेघ इतकी बारीक की पुसल्यासारखी. नवशिक्यानेसुद्धा केला नसता असा.

“कुठल्या सुताराकडून करून घेतलीत ही?” त्याने विचारलं.

“मी कोरलीय.”

...

इंद्रजितने जीभ चावली. महाराजांना मात्र वाईट वाटलेलं दिसलं नाही. कोरतानाच हात घसरला होता, ते सांगू लागले. तेव्हा ते इंद्रजितच्याच वयाचे होते. मठ नवा होता, टेकडीवर कुणी फिरकत नव्हतं, म्हणून आहे तीच पाटी चढवली. आजही सकाळी फाटक उघडताना त्या ‘ठ’ला ते मनातल्या मनात एक शिवी देतात. तेव्हा तर इतका संताप झाला होता की नवी पाटी करायला सागाची फळीही आणून ठेवली होती.

“मग केली का नाही?”

महाराज फाटकाची कडी लावायला वळले.

“लोक आत यायला लागले होते.”