वेशीबाहेर राहिलेली ठकू

डोंगराच्या पायथ्याशी एक लहानशी वाडी होती. तिथे सिदू नावाचा एक मेंढपाळ आणि त्याची थोरली बहीण ठकू राहत. आईबाप लवकर गेले होते. ठकूनेच सिदूला वाढवले. तो तिला आक्का म्हणे.

सिदूचे पाय फार हलके होते. लांडग्यामागे कितीही धावला तरी त्याला दम लागत नसे. एके दिवशी वाडीत दवंडी आली. शेजारशेजारच्या तीन राजांनी आपले जुने भांडण मिटवले होते आणि त्या आनंदात एक शर्यत ठरवली होती. पहिल्या राज्याच्या राजधानीतून निघायचे, दुसरे राज्य आरपार ओलांडायचे आणि तिसऱ्याची राजधानी गाठायची. सगळी वाट पायी. धावणाऱ्याला एक सोबती नेण्याची मुभा होती. त्याने पाणी आणि भाकरी वाहायची.

सिदू म्हणाला, "आक्का, मी जाऊ?"

"जा. पण नुसत्या जोरावर गेलास तर दुसऱ्याच दिवशी आडवा होशील. शर्यतीला अवकाश आहे. आधी शीक."

बापाबरोबर मेंढरे घेऊन ठकू लहानपणी मुलुखभर हिंडली होती. लांबची वाट कशी चालावी हे तिला ठाऊक होते. तिने सिदूला ओली घोंगडी पाठीवर टाकून डोंगर चढायला लावले. चढावर चालायचे, सपाटीवर धावायचे, उतारावर गुडघे सांभाळायचे. भूक लागण्याआधी खायचे, घसा कोरडा पडण्याआधी घोटभर प्यायचे. धावता धावता बोलता आले तर वेग बरोबर. बोलता येईना तर जास्त. हे सगळे ती काठावर बसून सांगत नसे. त्याच्या बरोबरीने धावत असे.

वाडीतले लोक हसत. "बाईमाणूस डोंगरात धावते, कुठे पाहिलंय का?" त्या वर्षी ठकूला पलीकडच्या गावाहून मागणी आली होती. मुलगा तिला आवडला होता. ती म्हणाली, "सिदूची शर्यत होऊ द्या. मग लग्नाचं बघू."

शर्यतीला सिदूचा सोबती म्हणून ठकूच निघाली. पाठीवर पाण्याची छागल, कमरेला भाकऱ्यांची शिदोरी.

पहिले राज्य हिरवे होते. ते सहज सरले. दुसऱ्या राज्यात मात्र ओसाड माळ लागला. झाड नाही, विहीर नाही. मोठमोठे पैलवान गडी तिथे बसले ते उठले नाहीत. सिदूच्याही पायांना फोड आले. भर दुपारी तो तापलेल्या मातीवर कोसळला.

"आक्का, माझ्याच्याने नाही व्हायचं. तू परत जा."

ठकूने पदराची पट्टी फाडून त्याच्या पायांना बांधली. छागलीत थोडेच पाणी उरले होते. त्यात तिचाही वाटा होता. तो सगळा तिने त्याच्या तोंडात ओतला.

"राजधानीचा विचार करू नकोस. ती बाभूळ दिसते ना? तेवढं चल."

बाभळीपाशी पोचल्यावर तिने पुढचा दगड दाखवला. दगडापाशी पोचल्यावर पुढची टेकडी. असा तिने त्याला माळ ओलांडून नेला. तिचे ओठ फुटून रक्त येत होते. सिदूने ते पाहिले होते.

तिसऱ्या राजाची राजधानी दिसू लागली तेव्हा पुढे कोणीच नव्हते. वेशीवर चौघडा झडत होता. तिन्ही राजे आत मांडवात बसले होते. माणसांची नुसती रीघ लागली होती. कारभारी सामोरा आला. त्याने फुलांची माळ सिदूच्या गळ्यात घातली आणि मागे पाहून विचारले, "ही बाई कोण?"

सिदूने वळून पाहिले. फाटके लुगडे, धुळीने माखलेले तोंड, रक्ताळलेले पाय. गर्दीत कोणीतरी हसले. "बाईचा पदर धरून आला वाटतं!" आणखी चारजण हसले.

सिदूचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "कोणी नाही. पाणी वाहायला ठेवलेली बाई आहे."

"मग तिचं आत काय काम?" कारभाऱ्याने शिपायांना खूण केली. ठकू बाहेर राहिली.

मांडवात सिदूला सोन्याचे कडे मिळाले, पागोटे मिळाले. पहिल्या राजाने कौतुकाने विचारले, "आमच्या मुलखातला गडी! तुला हे शिकवलं कोणी?"

"कोणी नाही, महाराज. माझं मीच शिकलो."

राजा खूश झाला. त्याने सिदूला आपल्या दरबारात ठेवून घेतले. हत्तीवर बसून सिदू दुसऱ्या वेशीने निघून गेला. ठकू पहिल्या वेशीबाहेरच्या तळ्यावर वाट पाहत बसली. तो गेल्याचे तिला एका पाणी भरणाऱ्या बाईने सांगितले. ठकूने छागल भरली आणि आल्या वाटेने एकटीच परत निघाली.

ती घरी पोचली तेव्हा तिच्या पायांच्या जखमा भलत्याच चिघळल्या होत्या. वैदूने जीव वाचवला. पाय वाचले नाहीत; तिला दहा पावलेही नीट टाकता येईनात. मागणी घालणारे म्हणाले, "परमुलखात हिंडून आलेली पांगळी मुलगी आम्हाला नको." शेवटी मामाने तिला आणि मेंढरांना आपल्या तळावर नेले.

इकडे सिदू दरबारात सुखात होता. राजांनी पुन्हा शर्यत ठरवली. या खेपेला सोबती म्हणून दरबारातल्या कारभाऱ्याचा पुतण्या निघाला. सिदूने सराव थोडा केला, मिरवणे फार केले. त्याच ओसाड माळावर तो पुन्हा कोसळला. पुतण्याने एकदा हाक मारली. मग छागल उघडून तो स्वतः पाणी प्याला आणि सावली शोधायला निघून गेला.

वाटसरूंनी सिदूला उचलून आणले. तो राजापुढे उभा राहिला. "महाराज, आणखी एकदा संधी द्या. चांगला शिकवणारा द्या."

राजा म्हणाला, "तू तर आपला आपणच शिकला होतास. मग आता शिकवणारा कशाला?" त्याच दिवशी सिदूची दरबारातली जागा दुसऱ्या धावणाऱ्याला मिळाली.

सिदू वाडीत आला. झोपडीला दार नव्हते. शेजाऱ्यांनी त्याला सगळे सांगितले. विचारत विचारत तो मामाच्या तळावर पोचला. तळ उठण्याच्या बेतात होता. मेंढरे पुढे निघाली होती. मामा ठकूला धरून तट्टावर बसवत होता. तिचे पाय सिदूला तेव्हा दिसले.

तो जमिनीवर कपाळ टेकून रडू लागला. "आक्का, मी चुकलो. मला मार, शिव्या दे, पण बोल माझ्याशी."

"जेवलास का?" ठकूने विचारले. तिने शिदोरीतली भाकरी काढून त्याच्या हातात दिली.

"तुझा राग गेला ना, आक्का?"

"राग आलाच नाही रे. आला असता तर बरं झालं असतं. कधीतरी गेला असता."

"मी येतो तुमच्याबरोबर. तुझी सेवा करीन."

"नको, सिदू. त्या वेशीवर मी उभी होते तेव्हा मला भाऊ होता. तिथून निघाले तेव्हा नव्हता. त्यालाही आता सरावले मी."

मामाने तट्टू हाकले. सिदू काही अंतर शेजारून धावला. ठकूने त्याला अडवले नाही आणि त्याच्याकडे पाहिलेही नाही. चढ लागला तसा तो मागे पडला. मेंढरांची धूळ खाली बसेपर्यंत तो रस्त्यात उभा होता. हातातली भाकरी त्याच्याने खाववली नाही.

तात्पर्य: ज्याच्या आधाराने आपण मुक्कामाला पोचलो, त्याला चारचौघांत आपले म्हणायची लाज बाळगू नये. गेलेले यश एखादे वेळी पुन्हा मिळते. नाकारलेले माणूस माफ करते, पण परत मिळत नाही.