हात हुंगणारं माकड

एक होतं गाव, उंबरवाडी त्याचं नाव, आणि त्या गावात एक सुतार होता. बाकीच्या सुतारांना फळी दिसली की पाट सुचायचा, चौरंग सुचायचा, नाहीतर दार सुचायचं. याला खेळ सुचायचा. त्याचं नाव दाजीबा.

दाजीबाच्या खेळांत सगळ्यांत लाडका होता जत्रेचा पट. लाकडी डब्यात घडीचा पट, पटावर रंगवलेली अख्खी जत्रा, सोबत फासे आणि सोंगट्या. सोंगट्या कसल्या, तर हत्ती, बैल, पोपट आणि डोक्यावर पाटी घेतलेली एक म्हातारी. फासे टाकायचे, जत्रेतून हिंडायचं, देवाचं दर्शन घ्यायचं आणि सगळ्यांच्या आधी घरी पोचायचं. वाटेत जिलबीवाल्याचं घर लागलं, की तुम्ही जिलबी खाण्यात दंग झालात, म्हणून तुमची पाळी गेली. का कोण जाणे, पण म्हातारी बहुतेक वेळा हत्तीच्या आधी घरी पोचायची आणि लोक पोट धरून हसायचे.

उंबरवाडीत तर दिवाळीच्या पाडव्याला नवरा-बायकोने हा पट मांडायचा असा रिवाजच पडला होता. जो हरेल त्याने दुसऱ्या दिवशी घरातली सगळी भांडी घासायची. त्यामुळे पाडवा जवळ आला, की गावातल्या बायका गुणगुणायला लागायच्या आणि पुरुष उगाचच गप्प गप्प व्हायचे.

सगळं छान चाललं होतं. पण गोड फळाला किडा लागतोच. नदीपलीकडच्या बाजारात एक नकल्या होता. त्याने दाजीबाचा पट पाहिला, तसाच कच्च्या लाकडाचा पट केला आणि विकायला मांडला. हत्ती डुकरासारखा दिसत होता, पण फासे टाकले की खेळ चालत होता.

दाजीबाचा संताप झाला. "रात्रंदिवस डोकं मी खपवायचं आणि लोणी यानं खायचं?" तो बायकोला म्हणाला. राग खरा होता आणि रास्तही होता. त्यात काही चूक नव्हती.

चूक पुढे झाली. त्याच आठवड्यात गावात एक कुलूपवाला आला. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, बोलणं तुपात घोळलेलं. त्याने झोळीतून एक लाकडी माकड काढलं.

"दाजीबा, हा राखणदार. डब्यावर बसवा. झाकण दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवेल. विकताना गिऱ्हाइकाचा हात याच्या नाकाशी धरायचा. तो वास हा जन्मात विसरत नाही. मग खेळायच्या आधी दर वेळी हा विचारणार, 'घेतलास की ढापलास?' आणि हात हुंगणार. ओळखीचा वास आला तर झाकण सोडणार. नाही आला तर बोंब मारणार, 'चोर! चोर!'"

"अगदी गुणी आहे की!" दाजीबा म्हणाला, आणि त्याने डब्याडब्यावर माकडं बसवली. पोटच्या लेकीलाही त्याने माकडवाला डबाच आंदण दिला. सगुणेचं लग्न त्याच महिन्यात होतं. हळद लागली, हात पिवळेधमक झाले, तेव्हा बापाने मोठ्या कौतुकाने तिचा हात माकडाच्या नाकाशी धरला. माकडाने हुंगला आणि मान डोलावली.

आता गंमत ऐका.

शेजारच्या मथुराकाकू डबा घ्यायला आल्या होत्या त्या कांदे चिरता चिरता उठून आल्या होत्या. घरी जाऊन हात धुतले, पट मांडायला बसल्या, तर माकड हात हुंगतं आणि ओरडतं, "चोर! चोर!" काकूंनी खूप डोकं चालवलं, तेव्हा त्यांना उमगलं. तेव्हापासून खेळायचं म्हटलं की आधी कांदा चिरणं आलं. बरं, घरात विळी दिसली की माकड आणखी बिथरायचं. "मला फोडायला आणलीय!" म्हणून किंचाळायचं आणि झाकण अधिकच घट्ट धरायचं. म्हणून काकू शेजारी जाऊन कांदा चिरायच्या, डोळे पुसत पुसत घरी यायच्या आणि फासे टाकायच्या.

काका विचारायचे, "अगं, अजून हरली नाहीस, आत्ताच का रडतेस?"

एकट्या काकूंचंच असं नव्हतं. तेल्याने शिकेकाईने अंघोळ केली, की त्याचं माकड त्याला ओळखेना. गवळ्याने म्हैस बदलली, तर त्याच्या माकडाने घर डोक्यावर घेतलं. सगळे आपापले डबे काखोटीला मारून दाजीबाच्या दारात यायचे, पुन्हा हात हुंगवून घ्यायचे आणि जायचे. दाजीबा कुठे लग्नाकार्याला गेला, तर त्याचं दुकान उघडेपर्यंत अर्ध्या गावाचा खेळ बंद.

"दाजीबा," मथुराकाकू एकदा म्हणाल्या, "भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात, तशी गत झालीय आमची. खेळ नको पण तुझं माकड आवर!"

"काकू, ते चोरांसाठी आहे," दाजीबा म्हणाला. "तुम्ही थोडं सोसा."

आणि चोराचं काय झालं? नकल्याने एक डबा मिळवला, माकडाला सुतारी पटाशीचा एक ठोका दिला, ते उकिरड्यावर फेकलं आणि पुन्हा नकला करायला बसला. त्याच्या डब्याला लोक 'मुका डबा' म्हणायला लागले. मुका डबा कुणालाही चोर म्हणत नव्हता. तो बोटाने उघडायचा आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळे खेळायचे.

अशात दिवाळी आली. सगुणेचा पहिला दिवाळसण! लेक-जावई येणार म्हणून सुतारीण अनारशांचं पीठ घेऊन बसली होती. पण लेकीच्या सासरहून आली ती बांगड्यांची कासारीण, आणि तिच्या तोंडी विहीणबाईंचा निरोप.

"विहीणबाईंनी सांगितलंय," कासारीण जरा चाचरतच म्हणाली, "तुमचं आंदण माझ्या सुनेला माझ्याच घरात चोर म्हणतं. आळीतल्या बायका दारात जमून हसतात. आधी त्या माकडाचा निकाल लावा, मग दिवाळसणाचं बघू. तोवर सून इथून हलणार नाही."

सुतारणीच्या हातातलं पीठ ताटात पडलं. दाजीबाने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि तसाच निघाला.

सगुणेचं सासर नदीपलीकडे होतं. दाजीबा आळीत शिरला तेव्हा ऊन कलत होतं आणि ओट्याओट्यावर पट मांडलेले होते. फासे खुळखुळत होते, पोरं टाळ्या पिटत होती, कुणीतरी ओरडलं, "म्हातारी घरी पोचली रे!" दाजीबाची छाती फुगली. जवळ जाऊन पाहतो तो काय, प्रत्येक पटावर डुकरासारखा हत्ती! सगळे मुके डबे. आळीभर त्याचाच खेळ चालला होता, आणि त्याच्या हातचा पट एकाही ओट्यावर नव्हता.

त्याच्या हातचा एकमेव डबा विहीणबाईंच्या घरी कोनाड्यात बसला होता. वर माकड, झाकण गच्च.

"या व्याहीबुवा," विहीणबाई म्हणाल्या. त्या मनाने वाईट नव्हत्या. मानी होत्या, आणि खरं सांगायचं तर खेळाच्या वेड्या होत्या. "पाणी घ्या, आणि ही तुमची वस्तू उघडून दाखवा."

दाजीबाने डबा मांडीवर घेतला. माकडाने डोळे वटारले.

"घेतलास की ढापलास?"

"अरे, मी घेतला नाही आणि ढापलाही नाही. मी केलाय! तुला बसवलं तेही मीच."

माकडाने त्याचा हात हुंगला. "हात अनोळखी. केलास ते मला ठाऊक नाही. चोर! चोर!"

दारात जमलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. दाजीबाचे कान लाल झाले. घरच्या माकडाने बाहेर अब्रू काढली, आता दाद मागायची कुणाकडे?

इतक्यात त्याला आठवलं. "सगुणे, हळद! तुझा हात हुंगवला तेव्हा हळद होती!"

सगुणेने धावत जाऊन हळद कालवली आणि हाताला फासली. शेजारीण हसून म्हणाली, "अगंबाई, पुन्हा लग्न लावताय का सूनबाईचं?" माकडाने पिवळा हात हुंगला, मान डोलावली आणि झाकण सोडलं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पट मांडला गेला. खरी जत्रा ती! रंग कसे ताजे, हत्ती कसा हत्तीसारखा! विहीणबाईंचे डोळे लकाकले. इतका वेळ धरलेला राग बाजूला ठेवून त्यांनी डब्यातल्या फाशांना हात घातला.

"घेतलास की ढापलास?" माकड त्यांच्यावर खेकसलं. त्याने त्यांचा हात हुंगला, धाडकन झाकण लावलं आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी बोंब ठोकली. "चोर! चोर! चोर!"

विहीणबाईंनी हात मागे घेतला. त्या उठून आत निघाल्या.

सगुणा मात्र बाहेर धावली. शेजारणीचा मुका डबा घेऊन आली आणि सासूच्या वाटेत तो उघडून बसली. "आत्याबाई, बसा ना. यावर खेळू. हा कुणाला काही विचारत नाही." मग ती बापाकडे वळली. तिचे डोळे भरले होते. "आबा, तुमचा खेळ खेळायला मला चोराचा पट मागून आणावा लागतो. मला लाज माकडाची नाही हो वाटत. याची वाटते."

दाजीबा डुकरासारख्या हत्तीकडे बघत राहिला.

विहीणबाई सुनेशेजारी बसल्या, आणि या खेपेस त्यांचा आवाज मऊ होता. "व्याहीबुवा, एक विचारू? ज्याने ढापला तो तिकडे मजेत आहे. त्याच्याकडून ज्यांनी घेतला तेही मजेत आहेत. तुमचं माकड अडवतं कुणाला? फक्त तुमच्या माणसांना."

चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण दाजीबाने शंभरदा वापरली असेल. आपण स्वतःच फाशी देणारे निघू असं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्याने पिशवीतून पटाशी काढली.

"मला फोडायला आणलीय!" माकड किंचाळलं.

"हो बाबा, तुलाच," दाजीबा म्हणाला, आणि त्याने एका ठोक्यात ते मोकळं केलं.

डबा बोटाने उघडला. खरी जत्रा पुन्हा मांडली गेली. सगुणा पोपट झाली, जावई बैल झाला, दाजीबाने हत्ती घेतला आणि विहीणबाईंनी हट्टाने म्हातारी घेतली. शेजारच्या ओट्यांवरची माणसं आपले पट सोडून बघायला आली. "हा बघ, याला हत्ती म्हणतात!" असं एक पोरगं दुसऱ्याला सांगत होतं. दाजीबा जिलबीच्या घरात इतक्यांदा अडकला की जावई म्हणाला, "मामा, घरी अनारसे केलेत ना? मग इथे किती खाता?" म्हातारी घरी पोचली तेव्हा विहीणबाई लहान पोरीसारख्या टाळ्या पिटत उठल्या.

"सगुणे, गाठोडं बांध," त्या म्हणाल्या. "माहेरी जा. आणि व्याहीबुवा, पाडव्याला मीही येते. तुमच्या गावात हरलेल्याने भांडी घासायची म्हणतात, ते बघायचंय मला."

पाडव्याच्या सकाळी दाजीबाने सगळ्या गिऱ्हाइकांना दारात बोलावलं आणि एकेका डब्यावरचं माकड काढलं. मथुराकाकूंनी त्या दिवशी कोरड्या डोळ्यांनी फासे टाकले. त्या जिंकल्या आणि काकांनी कढईसुद्धा घासली. माकडं वाया गेली नाहीत. ती गावच्या पेरूच्या बागेत झाडाझाडावर बसवली. पोपट आले, की "घेतलास की ढापलास?" असा गलका होतो, आणि पोपटांना तर याचं उत्तर देता येतच नाही.

नकल्या सुधारला का? नाही, तो अजूनही नकला करतो. पण दाजीबाने आता माकडांवर घालवलेला वेळ पटावर घालवायला सुरुवात केली. हरवलेली सोंगटी तो हसत नवी करून देतो. दर पाडव्याला डबा घेऊन या, तो तुमच्या जत्रेत एक नवं दुकान रंगवून देतो. यंदा रहाटपाळणा आला, पुढच्या वर्षी बांगडीवाला येईल. मुक्या डब्यांची जत्रा आहे तिथेच राहिली, आणि तिचे मालक हळूहळू होडीत बसून उंबरवाडीला यायला लागले.

एकदा पदर पुढे ओढून एक बाई आली. "पोरं म्हणतात, खरा हत्ती हवा," ती पुटपुटली. दाजीबाने ओळखलं. ती नकल्याची बायको होती! त्याने काहीएक न विचारता उत्तमातला उत्तम डबा काढून दिला. बाईने ऐकलं होतं, की इथे हात हुंगतात. तिने घाबरत घाबरत हात पुढे केला.

दाजीबाने त्या हातावर गरम करंजी ठेवली.

तात्पर्य: चोराच्या भीतीने दाराला असा पहारा लावू नये, की चोर खिडकीतून आत जाईल आणि पाहुणा दारातच ताटकळेल. ज्याने विश्वासाने घेतलं, त्याला विश्वासानेच द्यावं.