शाईची सही

सोमवारीच बदली होऊन कचेरीत रुजू झालेले गोरंबे साहेब कॉम्प्युटरचा कागद दिसला की नाक मुरडायचे. सरूबाई डोईफोडे खाणावळीच्या परवान्याचा अर्ज घेऊन आली, तो मुदतीचा शेवटचा दिवस. साहेबांनी अर्जाला जोडलेला तिचा ऑनलाइन दाखला परत सरकवला.

"डिजिटल सही? शाईची नसेल, तर हा माझ्या लेखी कोरा कागद."

"कायद्यानं चालते की, साहेब."

"या खुर्चीत कायदा मी."

सरूबाईला आतून हसू फुटलं. "तुमच्या बदलीच्या हुकमावर शाईची सही आहे?"

कारकून पुटपुटला, "तोही ऑनलाइनच आलाय, मावशी."

सरूबाईनं समोरच्या बाकावर बसून शेजारी जागा केली. "मग या, साहेब. शाईची सही येईपर्यंत दोघंही इथंच बसू."

साहेबांनी एका हातानं खुर्ची घट्ट धरली आणि दुसऱ्या हातानं अर्ज घेतला.