राखणीचं गाडगं

"म्हणजे ती प्रत दुसऱ्या यंत्रावर एकदाही उतरवून पाहिली नाहीस?" दगडूनाथबाबांनी विचारलं.

सारंग हसला. लहान मुलांच्या एका दवाखान्याचे संगणक तो सांभाळायचा. मधूनमधून बाबांच्या मठात यायचा, आणि येताना थोडा तोराही घेऊन यायचा.

"गरजच काय, बाबा? रोज सगळ्या नोंदींची प्रत निघते. वेगळ्या ठिकाणी जाऊन बसते. पडद्यावर हिरवी खूण येते."

"नोंदी कसल्या?"

"थॅलेसेमियाची पोरं आहेत. त्यांना सारखं रक्त चढवावं लागतं. कुणाला कुठलं सोसत नाही, सगळं त्यात आहे. चुकीचं चढलं तर..."

"मूळ यंत्र बंद पडलं, तर त्या प्रतीवरून सगळं परत उभं राहील?"

"राहायलाच पाहिजे."

"राहील का, ते विचारलं मी."

"हिरवी खूण येते म्हणतोय ना, बाबा! तुम्ही धुनीचं बघा. संगणकातलं मला कळतं."

शिष्यानं गुरूला असं सुनवावं? पण बाबा रागावले नाहीत. ताडकन उठले मात्र.

मठाची धुनी पिढ्यान्‌पिढ्या विझलेली नव्हती. विझलीच कधी, तर हाताशी असावा म्हणून आतल्या खोलीत राखेखाली विस्तव राखून ठेवायचं एक गाडगं होतं. रोज संध्याकाळी मठातला चेला भिवानाथ धुनीतला एक निखारा झाकणाच्या भोकातून त्यात सोडायचा. गाडग्याला हार होता, हळदकुंकू होतं. झाकण काढायचं नाही, असा नेम होता. नेम कुणी घातला, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाबांनी गाडगं उचललं आणि अंगणात आणून ठेवलं. मठाचे विश्वस्त आप्पा शेटे धावत आले.

"बाबा, हे काय करताय? लोक बघतायत!"

"बघू देत."

झाकण निघालं. बाबांनी कोपरापर्यंत हात राखेत घातला. शेट्यांनी तर डोळेच मिटून घेतले.

राख गार होती. तळाशी दमट. कालचा निखारा वरच कोळसा होऊन पडला होता.

"उघडलंत म्हणून विझलं!" शेटे ओरडले.

"पेटलेलं कुणी पाहिलं होतं, आप्पा?"

भिवानाथ रडकुंडीला आला. "मी एक दिवस चुकवला नाही हो, बाबा..."

"नाहीच चुकवलास."

"झाकण लावा," शेटे हळूच म्हणाले. "हार घाला वरून. कुणाला कळणार नाही."

बाबांनी गाडगं पायरीवर उपडं केलं. राख, कोळसे, हार, सगळं.

"धुनी पेटती आहे तोवर कळलं, हे नशीब समजा. भिवा, कोरडी राख भर, नवा निखारा ठेव. उद्या उघडायचं. परवाही उघडायचं. नेम मोडला म्हणून देव रागावला, तर त्याला माझ्याकडे पाठवून द्या."

सारंगचा चेहरा उतरला होता. घाबरला होता तो, सरळसरळ घाबरला होता.

"बाबा, उद्याच दुसऱ्या यंत्रावर उतरवून बघतो. पण... नाही उतरलं तर? त्या पोरांच्या आईबापांना काय सांगू?"

बाबा हाताची राख झटकत होते.

"आज त्यांना काय सांगतोस?"